कमरेचं रिव्हॉल्व्हर आणि दाराची कडी

सातारा-सांगलीकडे शस्त्रपरवान्याचा विषय निघाला की गप्पा फार लवकर ‘कुठलं घ्यावं’ यावर येतात. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, कानपूरचं नवं की कुणाकडचं जुनं इंपोर्टेड, सहा गोळ्यांचं की आठ. परवाना कशाला हवा, याचं उत्तर अर्जात ‘स्वसंरक्षणार्थ’ एवढ्या एका शब्दात उरकलेलं असतं. घर राखणं आणि रोज कमरेला लावून फिरणं या दोन अगदी निराळ्या गरजा त्या एका शब्दात कोंबलेल्या असतात. त्या सुट्या केल्या की चित्र बरंच स्वच्छ दिसतं. घराच्या राखणीला लहान हत्यार जवळपास कुणाच्याच कामाचं नाही, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. रोज जवळ बाळगायला ते फार थोड्यांच्या कामाचं आहे, आणि त्या थोड्यांनी काय घ्यावं याचं उत्तर अवघड नाही. अवघड आहे ते आपण त्या थोड्यांत बसतो का, हे प्रामाणिकपणे ठरवणं.

आधी बाजारात काय मिळतं ते पाहू, कारण ही यादी लोकांना वाटते त्यापेक्षा खूपच तोकडी आहे. लष्कर आणि पोलीस वापरतात ते ९ एमएम नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर आहे. साध्या परवान्यावर हातात पडतं ते मुख्यतः पॉइंट ३२, आणि त्याखाली पॉइंट २२. परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे त्याआधी आलेली वेब्ली किंवा वॉल्थर आजही हातोहात फिरतात आणि नव्या देशी हत्याराच्या कितीतरी पट किमतीला जातात. ही किंमत नेमबाजीची नसते, मिरवण्याची असते, हे वेगळं सांगायला नको. देशी मालात कानपूरच्या सरकारी कारखान्याचं पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हर सगळ्यांत जास्त दिसतं. त्याचंच हलकं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं रूप २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाने आलं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर ते बायकांसाठीचं म्हणून जाहीर झालं, पण लाखाच्या वरची किंमत पाहता ज्या बाईला रात्रीच्या एसटीने एकटं घरी यावं लागतं तिला ते कधीच परवडणारं नव्हतं. २०२३ मध्ये ‘प्रबळ’ आलं, ज्याचं चक्र बाजूला उघडतं. त्याआधीची कानपुरी रिव्हॉल्व्हरं मधोमध मोडून भरावी लागत. पिस्तुलात सरकारी ‘अशनी’ आहे, पॉइंट २२ मध्ये छोटं ‘निडर’ आहे, आणि उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात आता वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने खासगी उत्पादनही सुरू झालं आहे. बस्स, एवढंच. अमेरिकन मासिकांत पानंच्या पानं भरून येणारी तुलना आपल्याकडे दोन-चार नावांत संपते.

या दोन-चारांतून निवडायचंच असेल तर रिव्हॉल्व्हर घ्यावं, पिस्तूल नको, असं माझं स्पष्ट मत आहे. पिस्तुलाची तारीफ करणारे सांगतात की ते चपटं असतं, शर्टाखाली फुगत नाही, गोळ्या जास्त मावतात. खरं आहे. पण पिस्तूल म्हणजे सरावाचं हत्यार. मॅगझिन बसवा, वरची स्लाइड ओढून काडतूस नळीत घ्या, सेफ्टी काढा, मग चाप. नळीत काडतूस ठेवून फिरावं तर चुकून उडण्याची धास्ती, रिकामी नळी घेऊन फिरावं तर ऐन वेळी दोन्ही हात लागतात. आणि सगळ्यांत घातक घोळ असा, की मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नवख्याला वाटतं, तेव्हा एक गोळी नळीत बसलेलीच असते. रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडलं की सहाच्या सहा घरं डोळ्यांसमोर येतात. भरलंय की रिकामं, यात शंका उरत नाही. एखादं काडतूस फुसकं निघालं तरी पुन्हा चाप ओढला की पुढचं घर समोर येतं. वर्षातून एकदाही रेंजवर न जाणाऱ्या माणसाला एवढा साधेपणा हवाच. आणि आपल्याकडचे बहुतेक परवानाधारक असेच असतात. काडतुसं किती घ्यायची, किती जवळ ठेवायची याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते, वस्तीत किंवा सार्वजनिक जागी बार काढणं गुन्हा आहे, आणि तालुक्याच्या गावी एअर रायफलची रेंज मिळाली तरी पॉइंट ३२ चालवायला जागा मिळणं मुश्कील. दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या हत्यारातून पाच गोळ्याही न उडालेल्या असणं यात नवल काही नाही.

रिव्हॉल्व्हरचाही एक दोष मात्र ध्यानात ठेवायला हवा. जुन्या घडणीच्या हत्यारात घोडा थेट जिवंत काडतुसावर टेकलेला असतो आणि ते जमिनीवर आपटलं तर बार उडू शकतो. म्हणून जुने लोक एक घर रिकामं ठेवत. १ ऑक्टोबर २०२४ला पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून, ते कपाटात ठेवताना, गोळी सुटून त्यांच्याच पायात घुसली. घरात चोर नव्हता, भांडण नव्हतं. होतं ते एक भरलेलं हत्यार आणि गावाला निघण्याची घाई.

इथून घराच्या राखणीचा मूळ पेच सुरू होतो. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार अर्जदाराकडून हत्यार सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी घेतली जाते. शहाणपणही तेच सांगतं: हत्यार रिकामं, कुलपात, काडतुसं वेगळ्या जागी, किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी. आता रात्री अडीच वाजता मागच्या दाराची कडी वाजली असं समजा. झोपेतून उठायचं, किल्ली शोधायची, अंधारात कपाट उघडायचं, दुसऱ्या कप्प्यातला काडतुसांचा डबा काढायचा, थरथरत्या बोटांनी एकेक करून सहा घरं भरायची. तोवर येणारा आत आला आहे किंवा पळून गेला आहे. हे टाळायचं तर भरलेलं हत्यार उशाखाली ठेवायला हवं, आणि मग ते रोज रात्री नातवंडांपासून, दारू पिऊन आलेल्या भावापासून आणि स्वतःच्या अर्धवट झोपेपासून राखत बसायला हवं. सुरक्षित ठेवलेलं हत्यार वेळेला हाताशी नसतं आणि हाताशी ठेवलेलं सुरक्षित नसतं. नवं मॉडेल घेऊन हा पेच सुटत नाही. शिवाय अडीच वाजता आपल्याकडच्या घरात शिरणारा दर वेळी दरोडेखोरच असतो थोडाच? पाळी संपवून आलेला मुलगा असतो, मोटर चालू करायला उठलेला चुलता असतो, शेजारची म्हातारी बाहेर पडलेली असते. जत-आटपाडीच्या मळ्यातल्या वस्त्यांवर तर उन्हाळ्यात अर्धं घर अंगणातच झोपतं.

आपला कायदाही घराच्या राखणीकडे याच नजरेने पाहतो, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम १३ मध्ये दोन वाटा आहेत. किमान वीस इंच नळीची, आत आटे नसलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, अथवा ठासणीची बंदूक पिकांच्या राखणीसाठी मागितली, तर कायद्याचा कल परवाना देण्याकडे आहे. बाकी हत्यारांना, म्हणजे रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाला, अर्जदाराकडे त्यासाठी पुरेसं कारण आहे अशी खात्री परवाना देणाऱ्याला पटावी लागते. म्हणजे घर राखायचं हत्यार म्हणून कायद्याच्या डोळ्यांपुढे होती ती बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी. तीही भरलेली भिंतीवर टांगणं धोक्याचंच. पण ती खिशात घालून ढाब्यावर नेता येत नाही, बांधावरच्या भांडणात झटकन बाहेर निघत नाही, आणि हवेत काढलेला तिचा एक बार अख्ख्या शिवाराला जागं करतो. शिराळ्यात उसात निघणारा बिबट्या आणि पाटणच्या बाजूला पिकात शिरणारा गवा यांच्यासाठी पिस्तूल मागणारेही भेटतात. पॉइंट ३२ची गोळी गव्याला चिडवण्यापलीकडे काही करणार नाही, आणि दोन्ही प्राण्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, ते निराळंच.

समजा हत्यार वेळेवर हाती आलं, नेमही लागला. पुढे काय? स्वसंरक्षणाचा हक्क आपल्या कायद्यात भक्कम आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्यावरच आहेत. जिवावर बेतलं असेल, किंवा सूर्यास्तानंतर घर फोडून कुणी आत आलं असेल, तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत हा हक्क पोहोचतो. पण दोन लगामही आहेत: सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क कधीच नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी या चौकटीत बसत नाही. हक्क खरा असला तरी तो सिद्ध करायला काय पडतं हे पाहायचं तर दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल वाचावा. १९९१ मध्ये शेतातल्या भांडणात वडिलांवर हत्याराचा घाव पडताना पाहून मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने शिक्षा दिली, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१० मध्ये निर्दोष ठरवून स्वसंरक्षणाची तत्त्वं एकत्र मांडली. निकाल उत्तम आहे, वकील आजही तो दाखवतात. पण घटना ते निकाल यांत अठरा वर्षांहून जास्त काळ गेला. बरोबर असलेल्या माणसाचा हा हिशोब आहे.

परवान्याची हत्यारं प्रत्यक्षात कुठे उडतात, याची महाराष्ट्रातली उदाहरणं फार जुनी शोधावी लागत नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला जमिनीच्या वादातून एका विद्यमान आमदाराने चक्क पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. आठवड्याभरातच मुंबईत एका माजी नगरसेवकाची फेसबुक लाइव्ह चालू असताना हत्या झाली आणि मारणाऱ्याने स्वतःलाही संपवलं. हत्यार त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचं होतं. त्याच वर्षी मुळशीतल्या शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखणाऱ्या बाईंची चित्रफीत राज्याने पाहिली. या तिन्ही ठिकाणी दरोडेखोर कुठेच नाही. दोन ठिकाणी जमीन, एके ठिकाणी जुनं वैर, आणि सगळीकडे कमरेला किंवा हाताशी असलेलं हत्यार. बीडमध्ये डिसेंबर २०२४ला सरपंच संतोष देशमुखांचा खून झाल्यावर एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेवर परवाने असल्याचं पुढे आलं, आणि मग प्रशासनाने ते तपासायला आणि रद्द करायला घेतले. सातारा-सांगलीने बीडकडे बोट दाखवून समाधान मानू नये. बांधाचा वाद, पाणीवाटप, कारखान्याची आणि सोसायटीची निवडणूक, भाऊबंदकी हे सगळं इथेही आहे, आणि जत्रेत-वरातीत बार काढण्याची हौसही आहे. २०१९च्या दुरुस्तीने अशा हौशी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा स्वतंत्र गुन्हाच केला आहे.

इथे परवानाधारक एक रास्त आक्षेप घेतात. गुन्हे होतात ते कट्ट्याने. कट्ट्यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या उमर्टी गावाहून आलेला गावठी कट्टा आणि चार जिवंत काडतुसं पोलिसांच्या स्थानिक गुन्हे शाखेने पकडल्याची बातमी साताऱ्यात, कराडात, मिरजेत येतच असते. कागदपत्रं देऊन, चारित्र्य पडताळणी करून हत्यार घेणाऱ्याला कशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करता? देशभरच्या बंदुकीच्या खुनांत बहुतांश हत्यारं बेकायदा असतात, हे खरंच आहे. पण या लेखाचा प्रश्न समाजाला कुणापासून धोका आहे हा नाही. ते हत्यार घेणाऱ्याच्या घराचा धोका कमी होतो का, एवढाच आहे. आणि कट्टेवाल्याला समोरच्याकडे परवाना आहे याची भीती वाटते असं म्हणावं, तर तो पहिला बार आपल्या सोयीने, आपल्या वेळेला काढतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांना मारलं तेव्हा त्यांना पोलिसांचं संरक्षण होतं. सराव असलेल्या, पगारी पोलिसांची गत काय होते याचा एक जुना हिशोब न्यूयॉर्कचा आहे: १९९८ ते २००६ या काळात समोरूनही गोळीबार होत असलेल्या चकमकींत तिथल्या पोलिसांच्या शंभरातल्या जेमतेम अठरा गोळ्या लागल्या. अडत दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याकडून त्याहून काय अपेक्षा ठेवायची?

धोका कमी होतो की वाढतो याचा थेट अभ्यास मुख्यतः अमेरिकेत झाला आहे. १९९३ मध्ये केलरमन आणि सहकाऱ्यांनी घरात बंदूक असण्याचा आणि घरात खून होण्याचा संबंध सुमारे पावणेतीन पट दाखवला. त्यावर टीका झाली की आधीच धोक्यात असलेले लोकच बंदूक घेत असतील. टीका बिनतोड नसली तरी वजनदार होती. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दीड कोटीहून जास्त प्रौढांचा बारा वर्षं माग काढून झालेल्या अभ्यासाने, स्वतःकडे बंदूक नसलेल्या पण पिस्तूलधारकासोबत एका घरात राहणाऱ्यांच्या खुनाचं प्रमाण दुपटीहून जास्त दाखवलं. म्हणजे हत्यार ज्यांच्या रक्षणासाठी घेतलं म्हणतात, त्यांचंच. उलट बाजूला गॅरी क्लेक यांचा अंदाज आहे की अमेरिकेत वर्षाला पंचवीस लाख वेळा लोक बंदुकीने स्वतःला वाचवतात. पण तिथल्याच सरकारी गुन्हेपीडित सर्वेक्षणातून हाच आकडा लाखाच्या आसपास किंवा त्याखाली निघतो. अमेरिकेचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. बरोबर, तिथला दरोडेखोरही सशस्त्र असतो, आपल्याकडचा बहुधा कोयता-कुऱ्हाड घेऊन येतो. पण त्या अभ्यासांतलं जे आपल्याला लागू पडतं ते दरोडेखोराबद्दलचं नाहीच. ते घरातल्या संतापाबद्दल आणि निराशेबद्दलचं आहे. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नांत दहांतले जवळपास नऊ जीव जातात. कर्जाने पिचलेल्या घराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे, आणि या मातीत तो जोरात घेतला जातो. १८७८च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी रयतेला निःशस्त्र केलं. आजचा परवाना त्याच मानसिकतेचा वारस, असं म्हणतात. कुंडलपासून शेणोलीच्या रेल्वेमार्गापर्यंत जिथे १९४३ ते ४६ या काळात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं, तिथे हे बोलणं पोकळ वाटत नाही. १९३१च्या कराची काँग्रेसच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, तोही याच भावनेतून. डिसेंबर १९४८ला घटना समितीत ह. वि. कामतांनी त्याची आठवण देऊन दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी ती नाकारली. ठराव परक्या सरकारच्या विरोधात केलेला होता, आता परिस्थिती पार बदलली आहे, आणि ज्याला त्याला बाजारातून हवं ते हत्यार विकत घेण्याचा हक्क मिळाला तर राज्य चालणार कसं, असा त्यांचा मुद्दा होता. प्रतिसरकारचा दाखला देणाऱ्यांनी हेही आठवावं की त्या काळी गावाची ताकद त्याच्या तुफान सेनेच्या संघटनेत होती. घरोघरी उशाखाली रिव्हॉल्व्हर होतं म्हणून गाव सुरक्षित नव्हतं. आजही जतच्या एका टोकाच्या वस्तीला ११२वर फोन लावून गाडी यायला वेळ लागतो, ही खरी अडचण आहे. तिच्यावर पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी वापरलेला उपाय म्हणजे ग्रामसुरक्षा यंत्रणा: एका टोल-फ्री क्रमांकावर फोन केला की त्याच आवाजात निरोप साऱ्या गावाच्या मोबाइलवर वाजतो. त्यासोबत मजबूत कडी, अंगणातला रात्रभर जळणारा दिवा आणि भुंकणारं कुत्रं. ऐटीत दाखवण्यासारखं यात काही नाही, हाच काय तो तोटा.

मग रोज जवळ बाळगण्याची खरी गरज कुणाला? ज्याला नाव घेऊन धमकी आली आहे आणि पोलिसांच्या दप्तरी तिची नोंद आहे त्याला. आणि ज्याच्या धंद्यातच मोल घेऊन फिरणं आहे त्याला. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम, करणारी माणसं देशभर सोन्या-चांदीच्या पेढ्यांवर आहेत. त्यांतल्या काहींना माल घेऊन रात्रीची रेल्वे किंवा गाडी करावी लागते. त्यांची गरज खोटी नाही. तरी पेढी आणि प्रवास यांत फरक करावा. जून २०२३ मध्ये सांगलीत भरदिवसा एका मोठ्या सराफी दालनावर दरोडा पडला तेव्हा दरोडेखोर पोलीस असल्याची बतावणी करून आत आले होते. आत नोकर, समोर अनेक सशस्त्र माणसं. गल्ल्याखालचं एक रिव्हॉल्व्हर तिथे बाहेर निघालं असतं तर सोनं वाचलं असतं असं मला वाटत नाही, एखादा जीव मात्र नक्की गेला असता. सोन्याचा विमा निघतो. प्रवासात एकट्याने असताना चित्र थोडं बदलतं, कारण तिथे मध्ये सापडणारं दुसरं कुणी नसतं.

अशा माणसाने पॉइंट ३२चं रिव्हॉल्व्हर घ्यावं, शक्यतो नव्या घडणीचं, चक्र बाजूला उघडणारं. बंद होल्स्टरमध्ये, कपड्याखाली पूर्ण झाकून, आपल्या ताब्यात राहील असं लावावं. २०१६च्या नियमांनाही हेच हवं आहे. काडतुसं खडकीच्या कारखान्याची ताजी घ्यावीत, वर्षानुवर्षं घामाने भिजलेली बदलावीत. परवान्यावरचं क्षेत्र नीट वाचावं. जिल्ह्यापुरता परवाना घेऊन हत्यारासह कर्नाटकात जाणं बेकायदा आहे. दारू आणि हत्यार एका रात्रीत नको. आणि एक गोष्ट आधीच धरून चालावी: निवडणुका लागल्या की छाननी समिती परवानाधारकांची यादी तपासते आणि अनेकांना हत्यार ठाण्यात जमा करायला सांगते. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या. ज्या महिन्यांत गावातलं वैर सगळ्यांत तापलेलं असतं, नेमक्या त्याच महिन्यांत कमर रिकामी राहू शकते. हे ज्याला अन्याय वाटतं त्याने आपला परवाना नेमका कशासाठी होता, हे पुन्हा तपासावं.

बाकी राहतात ते वडिलोपार्जित परवान्यांचे वारस. वडील गेले, हत्यार कपाटात आहे, परवान्याची मुदत उलटून गेली, आणि ‘ठेवू या, कधी लागलं तर’ असं म्हणत वर्षं निघून जातात. हा कायद्याने उघड गुन्हा आहे, २०१९नंतर शिक्षाही वाढली आहे. परवानाधारक गेल्यावर हत्यार लगेच जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची असते. वारसाला स्वतःच्या नावावर हवं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, नको असेल तर परवाना असलेल्याला रीतसर विकता येतं. जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारलं तर विभागीय आयुक्तांकडे अपील आहे. पण अपिलाला जाण्याआधी त्या हत्यारातून शेवटची गोळी कधी आणि कशासाठी उडाली होती, हे घरातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारावं.